चमचाभर साखर आणि परदेशप्रवास

हे वाचताना तुमच्या रक्तात किती साखर आहे, याचा जरा अंदाज करून बघा. हिशेब अवघड नाही. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण ५ लिटर रक्त असतं. उपाशीपोटी तपासलं तर दर १०० मिलिलिटर रक्तात ७० ते १०० मिलिग्रॅम ग्लुकोज सापडतं. म्हणजे सगळ्या रक्तात मिळून जास्तीत जास्त ५ ग्रॅम. चहाचा एक चमचा, बस्स.

आता दुसरा आकडा. एकट्या मेंदूला दिवसाला सुमारे १२० ग्रॅम ग्लुकोज लागतं, म्हणजे तासाला ५ ग्रॅम. वरून भर पडली नाही, तर हा चमचा मेंदू एकटाच तासाभरात रिकामा करेल. तसं होत नाही, कारण यकृत साठ्यातली साखर रक्तात सोडत राहतं आणि स्वादुपिंडातल्या बीटा पेशी इन्सुलिन कमीजास्त करून तिच्यावर लगाम ठेवतात. तुम्ही पुरणपोळी खा, एकादशी करा, सिंहगड चढा नाहीतर विमानात बसून अर्धं जग ओलांडा. हा चमचा ओसंडत नाही आणि रिकामाही होत नाही. त्यासाठी तुम्हाला काही करावं लागत नाही, म्हणून त्याची आठवणही येत नाही.

माझ्या शरीराने हे काम बाराव्या वर्षी सोडलं. तेव्हापासून ते मी करते. या लेखात मी तुम्हाला त्या कामाबद्दल सांगणार आहे, आणि तेविसाव्या वर्षी ते काम बरोबर घेऊन मी परदेशी आले तेव्हा काय काय शिकले त्याबद्दलही. आपल्यापैकी अनेकांची भाचरं-पुतणी आता शिकायला इकडे येतात. त्यांच्यात एखादं असं मूल असेल, तर हा मजकूर उपयोगी पडावा.

सोलापूर, १९९३

शाळा सुरू होऊन महिना झाला होता. मी दिवसभर पाणी पीत होते, रात्री चार-पाचदा उठत होते आणि भाकरी नेहमीपेक्षा जास्त खाऊनही वाळत चालले होते. यामागचं शास्त्र असं: रक्तातली साखर १८० मिलिग्रॅमच्या आसपास गेली की मूत्रपिंडांना ती सगळी परत शोषून घेणं जमत नाही. ती लघवीतून जाऊ लागते आणि जाताना बरोबर पाणीही ओढून नेते. म्हणून तहान. इन्सुलिन नसल्याने पेशींना ती साखर वापरता येत नाही, मग शरीर चरबी आणि स्नायू जाळायला घेतं. म्हणून वाळणं. चरबी जळताना किटोन नावाची आम्लं तयार होतात, श्वासाला पिकलेल्या फळांसारखा वास येऊ लागतो. इथपर्यंत आलं आणि इन्सुलिन मिळालं नाही, तर माणूस बेशुद्धीत जातो आणि दगावतो. मला मिळालं.

हा टाइप १ मधुमेह. शरीराची प्रतिकारयंत्रणा आपल्याच बीटा पेशींना परकं समजून मारते. गोड खाण्याशी याचा संबंध नाही. हे डॉक्टरांनी घरात तीनदा सांगितलं, तरी आजीने दिवाळीच्या करंज्यांना दोष दिलाच.

सोलापूरचा उन्हाळा चाळिशी पार करतो आणि तेव्हा वीज वाटेल तेव्हा जायची. इन्सुलिन हे ५१ अमिनो आम्लांचं प्रथिन आहे, उष्णतेने त्याची घडी मोडते आणि ते निकामी होतं. (प्रथिन म्हणूनच ते गोळी करून गिळता येत नाही. पोट ते डाळीसारखं पचवून टाकतं.) बाबांनी त्यावर साधा उपाय केला. कोऱ्या मडक्यात थोडं पाणी, त्यात तरंगणारी झाकणाची डबी आणि डबीत बाटली. मडक्याच्या छिद्रांतून झिरपलेल्या प्रत्येक ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे २,४०० ज्यूल उष्णता ओढली जाते. अर्धा लिटर पाणी एक अंशाने थंड व्हायला पुरून उरेल इतकी. कोरड्या हवेत ही युक्ती छान चालते, कोकणातल्या दमट हवेत तितकी नाही.

मडक्याचा प्रश्न सुटला. मोठा प्रश्न आत्याने काढला. ती म्हणाली, "बाहेर बोलू नका. उद्या पोरीचं लग्न व्हायचंय." आई एरवी तिच्यापुढे बोलत नसे. त्या दिवशी बोलली, "वन्सं, ही वर्गात चक्कर येऊन पडली, तर बाईंना काय करायचं ते कळायला नको?" दुसऱ्या दिवशी ती शाळेत गेली आणि वर्गशिक्षिकेच्या हातात एक चिठ्ठी आणि ग्लुकॉन-डीचा पुडा देऊन आली.

टोरांटोला गेलेली मुलगी

आत्याला मी तेव्हाही दोष देत नव्हते. लपवण्याची ओढ फार जुनी आहे, आणि ती फक्त आपल्याकडचीही नाही. याचं सर्वात ठळक उदाहरण म्हणजे एलिझाबेथ ह्यूज.

तिचे वडील चार्ल्स इव्हान्स ह्यूज अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री होते. १९१९ मध्ये, अकराव्या वर्षी, तिला हाच आजार झाला. तेव्हा इन्सुलिन नव्हतं. डॉ. फ्रेडरिक अॅलन यांची उपासमारीची पद्धत हाच एक इलाज होता. अन्न इतकं कमी द्यायचं की साखर वाढूच नये. मूल हाडांचा सापळा होई, पण काही महिने, फार तर दोन-तीन वर्षं जास्त जगे. एलिझाबेथ ही उपासमार पाळत एका परिचारिकेबरोबर बर्म्युडा बेटावर हवापालटालाही जाऊन आली.

दरम्यान कॅनडात टोरांटो इथे, १९२१ मध्ये, फ्रेडरिक बँटिंग आणि चार्ल्स बेस्ट यांनी मॅक्लाउड यांच्या प्रयोगशाळेत स्वादुपिंडाचा अर्क मिळवला आणि जेम्स कॉलिप यांनी तो शुद्ध केला. जानेवारी १९२२ मध्ये तो लिओनार्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला दिला गेला आणि तो वाचला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये एलिझाबेथला टोरांटोला नेलं, तेव्हा तिचं वजन ४५ पौंड होतं, म्हणजे जेमतेम २० किलो. वय पंधराला टेकलेलं. बँटिंगनी इन्सुलिन सुरू केलं आणि काही आठवड्यांतच ती पोटभर जेवू लागली. तिथून तिने आईला लिहिलेली पत्रं आजही जपून ठेवलेली आहेत.

ती पुढे पदवीधर झाली, तिने लग्न केलं, तिला तीन मुलं झाली आणि १९८१ पर्यंत, ७३ वर्षांची होईतो, ती जगली. तिने आयुष्यभरात सुमारे ४२,००० इंजेक्शनं घेतली असं सांगतात. पण घरच्या मोजक्या माणसांपलीकडे तिने आपला आजार कुणाला कळू दिला नाही. इन्सुलिनमुळे वाचलेल्या पहिल्या काही मुलांपैकी एक आपल्या शेजारी राहते, हे शेजाऱ्यांना माहीत नसायचं.

तिच्याबद्दल वाचलं तेव्हा मला तिचं कौतुक वाटलं आणि भीतीही. तिच्याभोवती पैसा होता, माणसं होती, आजार ठाऊक असलेलं कुणी ना कुणी घरात असे. मी जिथे जाणार होते तिथे माझ्या घरचं कुणीच नव्हतं.

निघण्याआधीचा अभ्यास

२००४ मध्ये इंग्लंडमधल्या लीड्स शहरात एमएससीला प्रवेश मिळाला. आईचा प्रश्न एकच होता, "रात्री कोण बघणार?" अकरा वर्षं रात्री दोन वाजता उठून ती माझ्या कपाळाला हात लावत आली होती. घाम लागला तर साखर उतरली. तिच्या प्रश्नाचं उत्तर माझ्यापाशी नव्हतं. बाकीच्या प्रश्नांची उत्तरं मात्र शोधता येत होती.

पहिला प्रश्न विमानाचा. सगळं इन्सुलिन हातातल्या पिशवीत ठेवायचं. खाली सामानाच्या कप्प्यात ते गोठू शकतं, आणि गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी कामाचं राहत नाही. शिवाय सामान हरवलं तर परक्या देशात पहिल्याच दिवशी हातात काही नाही. बरोबर डॉक्टरांचं इंग्रजी पत्र, कारण सुया दिसल्या की प्रश्न येतातच.

दुसरा प्रश्न घड्याळाचा. सप्टेंबरात भारत इंग्लंडच्या साडेचार तास पुढे असतो. पश्चिमेला जाताना तुमचा दिवस साडेअठ्ठावीस तासांचा होतो. नेहमीचे डोस चोवीस तासांसाठी आखलेले, मग उरलेले साडेचार तास कोण भरणार? परत येताना उलट. दिवस साडेएकोणीस तासांचा, आणि दोन डोस एकमेकांवर चढण्याचा धोका. डॉक्टरांनी कागदावर आडवी रेघ ओढून दोन्ही प्रवासांचं वेळापत्रक मांडून दिलं. अमेरिकेला जाणाऱ्यांना हा फरक साडेनऊ ते साडेतेरा तासांचा पडतो, त्यामुळे हा कागद निघण्याआधीच आपल्या डॉक्टरांकडून करून घ्या. विमानात बसून ठरवायची ही गोष्ट नाही.

आकडे तेच, मापं वेगळी

लीड्सच्या दवाखान्यातल्या परिचारिकेने पहिल्या भेटीत मला बरोबर आणलेल्या सिरिंज टेबलावर ठेवायला सांगितल्या. मग तिने त्या एका डब्यात टाकल्या आणि म्हणाली, "यातली एकही इथे वापरायची नाही."

कारण समजून घ्या. भारतात इन्सुलिनच्या बाटल्या बहुधा ४० मापाच्या असतात, म्हणजे १ मिलिलिटरमध्ये ४० युनिट. त्यांची सिरिंज लाल टोपणाची. इंग्लंड-अमेरिकेत १ मिलिलिटरमध्ये १०० युनिट, सिरिंज नारिंगी टोपणाची. आता भारतातल्या सिरिंजमध्ये इथलं इन्सुलिन १० च्या खुणेपर्यंत भरलं, तर ते होतं पाव मिलिलिटर, आणि त्यात असतात २५ युनिट. अडीचपट डोस. त्याने जीव जाऊ शकतो. उलट केलं, म्हणजे इथली सिरिंज आणि भारतातली बाटली, तर १० समजून फक्त ४ युनिट मिळतात आणि साखर चढत जाते. भारतात सुट्टीला गेल्यावर औषधाच्या दुकानातून बाटली घेताना हा घोळ सहज होतो. पेनमध्ये बसणारी काडतुसं मात्र भारतातही १०० चीच असतात.

दुसरं माप रक्तातल्या साखरेचं. भारत आणि अमेरिका मिलिग्रॅम मोजतात, ब्रिटन मिलिमोल. ग्लुकोजच्या एका मोलचं वजन १८० ग्रॅम, म्हणून ब्रिटिश आकड्याला १८ ने गुणलं की आपला आकडा मिळतो. पहिल्या रविवारी मी फोनवर सांगितलं, "आई, आज साखर सहा." पलीकडे सुन्न शांतता. मग बाबांनी फोन घेतला, १८ चा पाढा म्हटला आणि म्हणाले, "एकशे आठ. उत्तम आहे गं." त्यांनी फोनशेजारच्या भिंतीवर दोन मापांचा तक्ता चिकटवला. सोलापूरच्या घरी तो अजून आहे.

एक गोष्ट इंग्लंडमध्ये सोपीही झाली. दुकानातल्या पाकिटांवर कर्बोदकं किती ग्रॅम हे छापलेलं असायचं. भाकरीचा अंदाज मी डोळ्यांनी करत आले होते, तिथे पावाच्या स्लाइसचा आकडा वाचता यायचा. परकं अन्न घरच्या अन्नापेक्षा मोजायला सोपं निघालं!

बेन नेव्हिसची रात्र

घरात आम्ही चौघी होतो. एक ग्रीक, एक नायजेरियन, एक चिनी आणि मी. आईच्या चिठ्ठीचं इंग्रजी करून मी ते पहिल्याच दिवशी फ्रिजवर लावलं होतं. महिनाभरात एकदा स्वयंपाकघरात माझी साखर उतरली, आणि मी त्यांच्याशी मराठीत बोलायला लागले. साखर उतरली की मेंदू उपाशी पडतो. नंतर शिकलेली भाषा बहुधा माझ्याकडे आधी संपते, आईची शेवटपर्यंत उरते. त्या दिवसापासून घरात नियम झाला: ही मराठी बोलू लागली की हिला साखर द्या.

मे महिन्यात आम्ही स्कॉटलंडला गेलो. बेन नेव्हिस हे ब्रिटनमधलं सर्वात उंच शिखर, १,३४५ मीटर. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर आहे, त्यामुळे मी थोडी ऐटीत होते. पण बेन नेव्हिसची चढण जवळजवळ समुद्रसपाटीपासून सुरू होते. चढून उतरायला आम्हाला आठ तास लागले.

व्यायामाचं शास्त्र असं आहे की काम करणारा स्नायू इन्सुलिनशिवायही रक्तातली साखर ओढू शकतो. आणि तो थांबला म्हणजे ओढणं थांबत नाही. दिवसा रिकामा झालेला आपला साठा तो पुढचा जवळजवळ पूर्ण दिवस भरत राहतो. निरोगी माणसाचं शरीर अशा वेळी इन्सुलिन आपोआप कमी करतं. माझं इन्सुलिन एकदा टोचलं की टोचलं, ते परत घेता येत नाही. हे मला ठाऊक होतं. परिचारिकेने सांगितल्याप्रमाणे रात्रीचा डोस मी एक तृतीयांशाने कमी केला, दूध-पाव खाल्ला आणि झोपताना साखर ७.८ होती, म्हणजे १४०. सगळं नियमाप्रमाणे.

रात्री तीनच्या सुमाराला खालच्या पलंगावरची ग्रीक मैत्रीण जागी झाली. मी वर बडबडत होते, मराठीत. तिने दिवा लावला तेव्हा मी घामाने भिजले होते आणि तिला ढकलत होते. यातलं मला काहीच आठवत नाही, हे सगळं तिने सांगितलेलं. तिने माझं बोट टोचून साखर मोजली. २.१. तुमच्या मापात ३८. मी शुद्धीत होते, गिळू शकत होते, म्हणून तिने ग्लुकोजच्या गोळ्या आणि संत्र्याचं गोड पेय दिलं. पंधरा मिनिटांनी ३.४. पुन्हा पेय. मग ५.१, आणि त्यावर पाव. पहाटे मी तिला इंग्रजीत विचारलं, "काय झालं?" ते इंग्रजी ऐकून ती रडायला लागली.

तुम्ही म्हणाल, नियम पाळूनही असं कसं? नियम हे सरासरीचे असतात. आठ तासांच्या चढउतारानंतर कुणाचा स्नायू किती साखर ओढेल, हे कोणत्याच तक्त्यात लिहिलेलं नसतं. शरीर हा हिशेब मिनिटामिनिटाला करतं, आपण दिवसातून चार-पाच वेळा. त्यामुळे कधीतरी चूक निघणार, हे धरूनच चालावं लागतं. आणि ती निघते तेव्हा दुरुस्त करायला लागणारा मेंदू नेमका तेव्हाच बंद पडलेला असतो. तिथे दुसऱ्या माणसाला पर्याय नाही. आईच्या प्रश्नाचं उत्तर मला त्या रात्री मिळालं. रात्री तोच बघतो, ज्याला आपण सांगून ठेवलेलं असतं.

आता जाणाऱ्यांसाठी

आज दंडावर सेन्सर लावता येतो. तो दर काही मिनिटांनी त्वचेखालच्या द्रवातली साखर मोजतो आणि कमी झाली की गजर करतो. रक्ताच्या तुलनेत तो काही मिनिटं मागे असतो, पण हा आकडा आईला पुण्यात किंवा नागपुरात बसून फोनवर दिसू शकतो. फार मोठी सोय आहे. तरीही हजारो किलोमीटरवरच्या आईला दिसलेला आकडा तोंडात साखर घालू शकत नाही. दार उघडणारं माणूस त्या घरात लागतं.

म्हणून लपवू नका. शेजारच्या खोलीत राहणाऱ्याला सांगा, प्रयोगशाळेत सांगा, सहलीच्या गटात सांगा. ब्रिटनमध्ये गाडी चालवायची असेल, तर इन्सुलिन घेत असल्याचं परवाना खात्याला कळवणं कायद्यानेच बंधनकारक आहे. साखर उतरलेला माणूस अडखळतो, चिडतो, असंबद्ध बोलतो. परक्या शहरात लोक त्याला प्यायलेला समजून बाजूने निघून जातात. गळ्यात किंवा मनगटावर आजाराचं नाव लिहिलेली पट्टी असू द्या. आणि खरोखर प्यायला असेल तर धोका दुप्पट, कारण यकृत दारू निपटण्यात गुंततं आणि नवी साखर तयार करणं मागे पडतं.

फ्रिजवरच्या चिठ्ठीत मी लिहिलं होतं ते इथे देते. तुमच्या घरातून कुणी निघत असेल, तर त्याच्या डॉक्टरांना दाखवून, हवे ते बदल करून वापरा.

"मला टाइप १ मधुमेह आहे. तो तुम्हाला होणार नाही. मी घामाघूम झाले, थरथरू लागले किंवा विचित्र वागू लागले, तर मला काहीतरी गोड प्यायला द्या, मी नको म्हटलं तरी. साखर नसलेलं डाएट पेय चालणार नाही. पंधरा मिनिटांत फरक पडला नाही, तर पुन्हा द्या. मी बेशुद्ध असेन, तर तोंडात काहीही घालू नका. मला कुशीवर वळवा आणि रुग्णवाहिका बोलवा. ग्लुकागॉनचं इंजेक्शन फ्रिजच्या दारात आहे, कसं द्यायचं ते मी तुम्हाला रविवारी दाखवते."

त्या रविवारी तिघींनी संत्र्यावर सुई टोचण्याचा सराव केला. ती संत्री आम्ही खाल्ली नाहीत, फेकून दिली. पण नंतर चहाला बसलो तेव्हा नायजेरियन मैत्रिणीने सांगितलं की तिच्या धाकट्या भावालाही हाच आजार आहे. आणि ते तिने त्या दिवसापर्यंत कुणालाच सांगितलं नव्हतं.